सॉफ्टवेअर मोफत आहे, मग खर्च कशाचा?

आम्ही दवाखाने आणि आरोग्य केंद्रांना नोंदी ठेवण्यासाठी मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा मूळ कोड सगळ्यांसाठी खुला असतो असं सॉफ्टवेअर, बसवून देतो. नवे ग्राहक बहुधा हाच प्रश्न आधी विचारतात, आणि तो रास्त आहे. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला परवाना शुल्क नसतं. खर्च होतो तो ते बसवण्यावर, जुन्या नोंदी चढवण्यावर आणि सगळ्यात जास्त कर्मचाऱ्यांना शिकवण्यावर. प्रशिक्षणात काटकसर करू नका, असं आम्ही आग्रहाने सांगतो. परिचारिकेला संगणकाचा पडदा परका वाटला, तर ती वही आणि संगणक दोन्हीकडे लिहीत बसते आणि तिचं काम दुप्पट होतं.

आम्ही दोन प्रणाली बसवून देतो. रुग्णाची स्वतंत्र नोंद ठेवायची असेल तर ओपनएमआरएस. २००४ मध्ये तिचं काम सुरू झालं आणि २००६ मध्ये केनियातल्या एल्डोरेटला ती वापरात आली. एचआयव्हीच्या रुग्णांवर वर्षानुवर्षं उपचार करायचे, तर मागच्या भेटीतलं औषध आणि तपासणी समोर दिसायलाच हवी, ही तिच्यामागची निकड होती.

जिल्ह्याची एकत्रित आकडेवारी हवी असेल तर डीएचआयएस२. वर्णभेदाची राजवट संपल्यानंतरच्या दक्षिण आफ्रिकेत या कामाची मुळं आहेत. आज नॉर्वेतलं ओस्लो विद्यापीठ ही प्रणाली सांभाळतं. तिची आम्हाला विशेष आवडणारी सोय म्हणजे पडताळणीचे नियम. एखाद्या केंद्राने लसीच्या पहिल्या मात्रेपेक्षा तिसरी मात्रा घेतलेली बालकं जास्त दाखवली, तर प्रणाली ती विसंगती दाखवते. चूक अहवालात जाण्याआधीच सापडते. नेटवर्क नसलेल्या गावात मोबाईल ॲपवर नोंद करता येते. जोडणी मिळाली की ती सर्व्हरवर, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणाऱ्या मुख्य संगणकावर, जाते.

काही ग्राहक मूळ कोडमध्येच बदल मागतात. आम्ही ते टाळतो. तसं केलं की पुढची सुधारित आवृत्ती घेणं कठीण होतं, सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडकतात. तुमची गरज वेगळी असेल तर त्यासाठी वेगळं मोड्यूल, म्हणजे मूळ कोडला हात न लावता जोडता येणारा भाग, लिहितो.

सर्व्हरचे पासवर्ड आणि संपूर्ण डेटाबेस तुमच्या ताब्यात राहतो. उद्या आमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला काम द्यावंसं वाटलं, तर एकही नोंद न गमावता देता आलं पाहिजे. बॅकअप नुसता घेत नाही. तो वेगळ्या संगणकावर पुन्हा उभा करून तुमच्यासमोर तपासतो.

पहिल्या भेटीला सध्या वापरात असलेल्या नोंदवह्यांची कोरी पानं आणि वर पाठवायच्या मासिक अहवालाचा नमुना आणा. रुग्णांची नावं असलेली पानं आणू नका.