ट्राय आणि दूरसंचार ग्राहकांचे संरक्षण

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, रोजच्या बोलण्यात ‘ट्राय’, ही देशातील दूरध्वनी, मोबाइल आणि इंटरनेट सेवांचे नियमन करणारी वैधानिक संस्था. २००४ पासून केबल आणि डीटीएच सेवाही तिच्या कक्षेत आल्या. संसदेने केलेल्या १९९७ च्या कायद्यानुसार २० फेब्रुवारी १९९७ रोजी तिची स्थापना झाली; मुख्यालय नवी दिल्लीत आहे. सेवेच्या गुणवत्तेची मानके ठरवणे, ती पाळली जातात का हे तपासणे आणि ग्राहकहितासाठी सेवेची वेळोवेळी पाहणी करणे ही कामे कायद्यानेच तिच्यावर सोपवली आहेत. मात्र एकेका ग्राहकाची तक्रार ऐकून निवाडा देण्याचा अधिकार तिला नाही. ट्रायबद्दलचे बहुतेक गैरसमज, आणि तिच्यावरचा बराचसा रागही, इथूनच सुरू होतो.

पार्श्वभूमी

१९९० च्या दशकापर्यंत दूरसंचार खातेच सेवा देई, दरही तेच ठरवी, आणि फोन बंद पडला तर त्याच खात्याच्या कार्यालयात खेटे घालावे लागत. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले आणि ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. आता जे सरकार स्वतः फोनसेवा चालवते तेच प्रतिस्पर्ध्यांना परवाने देणार आणि भांडणेही तेच मिटवणार, हे चालण्यासारखे नव्हते. म्हणून स्वतंत्र नियामक आला.

सुरुवातीला वाद मिटवण्याचे कामही ट्रायकडेच होते. जानेवारी २००० मध्ये ते काढून घेऊन ‘टीडीसॅट’ या वेगळ्या न्यायाधिकरणाकडे देण्यात आले. परवाने देणे आणि रद्द करणे हे दूरसंचार विभागाकडेच राहिले. त्याबाबत ट्राय फक्त शिफारस करते. ऑक्टोबर २०१६ मध्ये जिओला पुरेशी आंतरजोडणी (एका कंपनीचा कॉल दुसरीच्या नेटवर्कवर पोहोचवणारी जोडणी) न दिल्याबद्दल एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांचा दंड करावा, असे ट्रायने सरकारला सुचवले. एवढ्या मोठ्या बाबतीतही तिला सुचवावेच लागले.

दर आणि रिचार्ज

१९९९ च्या दर आदेशाने ट्रायने दरांवर हात ठेवला, पुढे स्पर्धा वाढली तसा तो काढूनही घेतला. आज बहुतेक सेवांचे दर कंपन्या स्वतः ठरवतात आणि ट्रायला कळवतात. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकाच सुमारास रिचार्ज महाग केले, तेव्हा ‘ट्राय काय करतेय?’ असा प्रश्न सगळीकडून आला. दर कमी करण्याचा आदेश तेव्हा निघाला नाही, कारण धोरणच मोकळ्या दरांचे आहे. डझनभर कंपन्या एकमेकींचे ग्राहक ओढत होत्या त्या काळात ते धोरण योग्यच होते. तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल एवढाच बाजार उरल्यावर मात्र त्याचा पुन्हा विचार व्हायला हवा.

दर मोकळे असले तरी ते कसे विकावेत यावर ट्रायचे नियम आहेत, आणि तिथे तिचे काम खरोखर बारकाईचे आहे. २०१२ च्या ग्राहक संरक्षण विनियमांनी रिचार्ज व्हाउचरचे प्रकार ठरवून दिले आणि छापील व्हाउचरवर रंगीत पट्टे आणले: प्लॅनसाठी लाल, टॉप-अपसाठी हिरवा, विशेष पॅकसाठी पिवळा. खात्यात किमान २० रुपये असतील तर वापर नाही म्हणून नंबर बंद करता येत नाही, हा नियमही याच विनियमांच्या दुरुस्तीतून आला. न मागता सुरू होणाऱ्या कॉलर ट्यून आणि ज्योतिष-क्रिकेटच्या सेवांमुळे बॅलन्स गुपचूप कापला जाई. त्यावर ट्रायने ग्राहकाची दोनदा संमती घेण्याची अट घातली.

२८ दिवसांच्या प्लॅनचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ‘महिन्याचा पॅक’ म्हणून घेतलेला रिचार्ज २८ दिवसांत संपतो आणि वर्षाकाठी बारा नव्हे, तेरा रिचार्ज करावे लागतात. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला प्रत्येक प्रकारात निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा ठेवायला लावले. २८ दिवसांचे पॅक बंद झाले नाहीत, पण पर्याय आला. तो पर्याय दुकानदार आपणहून पुढे करतोच असे नाही, विचारावे लागते. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने फक्त बोलणे आणि एसएमएस यांचा वेगळा पॅक सक्तीचा केला आणि विशेष पॅकची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. साधा बटणांचा फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांना नको असलेल्या डेटाचे पैसे भरावे लागू नयेत, हा त्यामागचा विचार.

नंबर तोच, कंपनी दुसरी

ग्राहकाच्या हातात खरी ताकद दिली ती नंबर पोर्ट करण्याच्या सोयीने. नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर ती सुरू झाली, पण एकाच सेवाक्षेत्रापुरती, म्हणजे दूरसंचार परवान्यांसाठी आखलेल्या एका विभागापुरती. महाराष्ट्रात याचा वेगळाच फटका बसे. मुंबई हे स्वतंत्र सेवाक्षेत्र, त्यात ठाणे आणि नवी मुंबई. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. त्यामुळे ठाण्याहून पुण्याला बदली झालेल्या माणसाला तोच नंबर तिथल्या कंपनीकडे नेता येत नसे. ३ जुलै २०१५ पासून ही अडचण गेली.

पोर्ट करण्यासाठी १९०० या क्रमांकावर एसएमएस करून कोड मिळवावा लागतो. डिसेंबर २०१९ च्या सुधारणेनंतर त्याच सेवाक्षेत्रात तीन आणि बाहेर पाच कामकाजी दिवसांत हे काम व्हायला हवे. पुढे असे दिसले की काही स्वस्त पॅकमध्ये एसएमएसची सोयच नव्हती, म्हणजे सोडून जाऊ पाहणाऱ्या ग्राहकाला तो एक एसएमएसही पाठवता येईना. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने आदेश काढला: पॅक कोणताही असो, १९०० वर एसएमएस गेलाच पाहिजे. नियामकाची नजर इतक्या खालपर्यंत पोहोचली की ग्राहकाचे किती काम होते, ते इथे दिसते.

कॉल ड्रॉपचा खटला

ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्रायने नियम केला की १ जानेवारी २०१६ पासून कॉल मध्येच तुटला तर फोन करणाऱ्याच्या खात्यात कंपनीने एक रुपया जमा करावा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. रक्कम नाममात्र होती, पण दंड सरकारी तिजोरीत न जाता थेट ग्राहकाला मिळणार, ही कल्पना मोठी होती. कंपन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने नियम उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ११ मे २०१६ रोजी तो मनमानी ठरवून रद्द केला. ट्रायच्याच गुणवत्ता मानकांनुसार दोन टक्क्यांपर्यंत कॉल ड्रॉप चालतात. मग ते मानक पाळणाऱ्या कंपनीनेही भरपाई का द्यावी, आणि कॉल कोणाच्या दोषाने तुटला हे न पाहता कंपनीलाच जबाबदार कसे धरावे, असा न्यायालयाचा मुद्दा होता. नियामकांनी नियम करताना आलेल्या हरकतींना कारणांसह उत्तर द्यावे, यासाठी संसदेने कायदा करण्याचा विचार करावा, असेही निकालात सुचवले आहे.

तर्क म्हणून निकाल भक्कम आहे. तरीही ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर त्याने एक चांगली वाट बराच काळ बंद केली. ती काही प्रमाणात पुन्हा उघडली २०२४ च्या गुणवत्ता विनियमांनी, जे १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. एखाद्या जिल्ह्यात नेटवर्क २४ तासांहून अधिक बंद राहिले तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला वाढीव मुदत देणे त्यात बंधनकारक आहे. कोणत्या भागात टूजी, फोरजी किंवा फाइव्हजी पोहोचते याचे नकाशे कंपन्यांनी संकेतस्थळावर ठेवावेत, अशीही अट आहे. ती महत्त्वाची, कारण गुणवत्तेचे आकडे वर्षानुवर्षे सेवाक्षेत्राच्या सरासरीने मोजले गेले, आणि पुणे-नागपूरसारख्या शहरांच्या सरासरीत दऱ्याखोऱ्यांतल्या वाड्यावस्त्या झाकल्या जातात.

नको असलेले कॉल

जाहिरातींच्या कॉलविरुद्धची लढाई जुनी आहे: जाहिराती नको असलेल्यांच्या नंबरांची २००७ ची नोंदवही, २०१० चे आणि मग २०१८ चे विनियम. सध्याच्या व्यवस्थेत कंपन्यांना संदेशाचा मजकूर आणि पाठवणाऱ्याचे नाव आधी नोंदवावे लागते. मार्च २०२१ मध्ये ही छाननी काटेकोर सुरू होताच बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि ट्रायला ती काही दिवस थांबवावी लागली; बँकांनी आपले नमुने वेळेत नोंदवलेच नव्हते. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रार करण्याची मुदत तीनवरून सात दिवसांवर नेली. तक्रार १९०९ वर किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवरून करता येते. फसवणुकीचे कॉल हा मात्र वेगळा विषय. त्यांची सूचना दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर द्यायची असते.

इंटरनेटच्या बाबतीत सर्वांत ठळक निर्णय ८ फेब्रुवारी २०१६ चा. काही ठरावीक संकेतस्थळे फुकट किंवा स्वस्त आणि बाकीची महाग, अशी दरांतली भेदभावाची पद्धत ट्रायने बंद केली. फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना त्यामुळे भारतात गुंडाळली गेली. त्याआधीच्या वर्षी ट्रायच्या चर्चापत्रावर दहा लाखांहून अधिक नागरिकांनी ईमेलने मते कळवली होती.

एकट्या ग्राहकाची वाट

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंदवायची आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, लिहून ठेवायचा. निवारण झाले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते. त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. अपिलावर सल्ला देणाऱ्या दोन सदस्यांच्या समितीत एक ग्राहक संघटनेचा असतो, तरी अंतिम निर्णय कंपनीने नेमलेल्या माणसाचा. सगळ्या रचनेतला हा सर्वांत कच्चा दुवा आहे. विमा आणि बँकिंगमध्ये जसा स्वतंत्र लोकपाल आहे तसा दूरसंचारात नाही. ट्रायकडे थेट पत्र पाठवले तर ती ते कंपनीकडे पाठवून देते. टीडीसॅटकडे ग्राहकांचा गट जाऊ शकतो, एकटा ग्राहक नाही.

ग्राहक आयोगाचा दरवाजाही मध्ये काही वर्षे अर्धवट बंद होता. २००९ मधील एका निकालाचा आधार घेऊन, १८८५ च्या तार कायद्यात लवादाची तरतूद असल्याने ग्राहक मंचाकडे (आताच्या ग्राहक आयोगाकडे) जाता येत नाही, असा बचाव कंपन्या घेत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात हा बचाव फेटाळला. त्यामुळे चुकीचे बिल, न मागितलेली सेवा किंवा विनाकारण बंद केलेला नंबर यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तिथे ट्रायचा नियम आणि आपला डॉकेट नंबर, दोन्ही पुरावा म्हणून जोडता येतात.