नैसर्गिक वस्तूंवर स्फटिक वाढवणे

वाळकी काटकी, शिंपला, दगड, सूचिपर्णी झाडाचा शंकू, रिकामे अंड्याचे कवच अशा सहज सापडलेल्या वस्तू दाट विद्रावात ठेवून त्यांच्यावर खडे चढवण्याची हस्तकला. तुरटी, टाकणखार (बोरॅक्स), मोरचूद (कॉपर सल्फेट), मीठ आणि साखर हे तिचे नेहमीचे पदार्थ. विद्राव कसा करावा याच्या कृती भरपूर मिळतात. वस्तूचा विचार मात्र क्वचितच होतो, आणि काम बहुधा तिथेच फसते.

ऑस्ट्रियात साल्झबर्गजवळ हालाइन येथील मिठाच्या खाणीत पाने झडलेली फांदी टाकून ठेवत आणि दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढत; तोवर ती शेंड्यापर्यंत लखलखत्या खड्यांनी मढलेली असे. प्रेमात पडलेल्याला आपले माणूस असेच मढलेले दिसते, अशी उपमा स्तांधाल या फ्रेंच लेखकाने १८२२ मध्ये दिली. अलीकडचे गाजलेले उदाहरण रॉजर हायर्न्स या ब्रिटिश कलावंताचे. त्याने २००८ मध्ये लंडनमधील एका रिकाम्या घरात मोरचुदाचा सुमारे ७५,००० लिटर विद्राव भरला. तो उपसल्यावर भिंती, छत, न्हाणीघरातला टब असे सगळे निळ्या खड्यांनी भरलेले निघाले.

घरी सुरुवात तुरटीने करावी. १०० मिलि. पाण्यात २०° से.ला साधारण १२ ग्रॅ. तुरटी विरघळते, ६०° से.ला त्याच्या चौपटीहून अधिक. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवली की पाणी निवताना जास्तीची तुरटी बाहेर पडू लागते, आणि बसायला जागा शोधते. भांडे टॉवेलात गुंडाळून सावकाश निवू दिले तर खडे मोजके पण मोठे येतात. घाई केली तर साखर भुरभुरल्यासारखा बारीक चुरा चढतो. तुरटीचा स्फटिक अष्टफलक असतो. काटकीवर त्याचा अर्धाच भाग दिसतो: सालीत रुतलेला लहानसा मनोरा, बाजू त्रिकोणी, कडा धारदार. मिठाला ही युक्ती लागू पडत नाही. ते २०° से.ला १०० ग्रॅ. पाण्यात ३६ ग्रॅ. विरघळते आणि १००° से.लाही जेमतेम ३९ ग्रॅ.; त्यामुळे मिठाचे घनाकार खडे हवे असतील तर भांडे उघडे ठेवून पाणी उडून जाण्याची वाट पाहावी लागते.

वस्तू म्हणजे नुसती खुंटी नव्हे. खडा धरायला खरखरीत जागा लागते. म्हणून सालीच्या भेगा लवकर भरतात आणि नदीतला गुळगुळीत गोटा कोराच राहतो. गोट्यावर गोंदाचा हात देऊन वर तुरटीची पूड भुरभुरावी आणि वाळू द्यावे. पुडीचा एकेक कण बीजस्फटिक होतो, म्हणजे त्याच्यावरच पुढचा खडा वाढतो. सुटत आलेली साल आधी ब्रशने काढून टाकावी, नाहीतर खडे तिच्यासकट गळतात. काटकी तरंगते, तिला दोऱ्याने दगड बांधावा. पिसाला तेलकटपणा असतो, ते साबणाने धुऊन घ्यावे.

शंकू सगळ्यांत फसवा. तो ओला झाला की खवले मिटून घेतो. खडे मिटलेल्या शंकूवर बसतात, आणि वाळताना खवले पुन्हा उघडू लागले की त्या ओढीत निखळतात. आधी वार्निशचा पातळ थर दिला तर पाणी कमी मुरते. शिंपल्याची अडचण वेगळी. तुरटीचे पाणी आम्लधर्मी आणि शिंपला चुन्याचा. पाण्यात सोडला की त्याच्यावर बारीक बुडबुडे धरतात, पाणी गढूळ होते, शिंपल्याची चमक जाते. त्याला अल्कधर्मी टाकणखारच बरा. अंड्याच्या कवचात तुरटी वापरता येते, कारण पूड चिकटवण्यासाठी आतून लावलेला गोंदच कवच झाकतो.

रंगाबाबत बहुतेकांची निराशा होते. पाण्यात लाल रंग मिसळला तरी वाढता खडा परके रेणू बाहेरच ठेवतो. रंगते ती काटकी आणि खड्यांमधल्या फटी. क्रोम तुरटी (क्रोमियम असलेली जांभळी तुरटी) मात्र साध्या तुरटीच्याच घडणीची असल्याने दोन्ही एकाच खड्यात सामावतात आणि जांभळी छटा खरोखर आतून येते.

मोरचूद विषारी आहे आणि जलचरांना घातक. हातमोजे घालावेत, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत, उरलेले पाणी मोरीत ओतू नये. युरोपीय संघात टाकणखाराची गणना प्रजननाला अपायकारक पदार्थांत होते, तेव्हा मुलांच्या हाती तुरटीच द्यावी. पिसे आणि घरटी उचलण्यास अनेक देशांत कायद्याने मनाई आहे.

तयार वस्तू साध्या पाण्याखाली धुऊ नये, क्षणात कडा बोथट होतात. टिपकागदावर ठेवून निथळू द्यावी. टाकणखाराचे खडे काढल्या दिवशी काचेसारखे दिसतात, पण कोरड्या हवेत स्फटिकातले पाणी गमावून हळूहळू पांढऱ्या पुडीने माखतात. पारदर्शक वार्निशचे एक-दोन हात दिले की ही झीज लांबते.