पार्श्वभूमी : तरुण उद्योजकांना आधी कर्ज मिळालं, मान्यता उशिरा आली

शिकलेल्या पोराने नोकरीमागे न धावता स्वतःचं काहीतरी सुरू करावं, असं शासन सांगू लागलं ते सुशिक्षित बेकारांची संख्या वाढत चालली म्हणून. त्या पोराचं कौतुक करावं, हे बरंच नंतर सुचलं. मधल्या काळात कर्ज देणारी व्यवस्था आणि मान देणारी व्यवस्था अशा दोन वेगळ्या चौकटी तयार झाल्या. नागपूरसारख्या शहरातल्या पहिलटकर उद्योजकाची अडचण या दोन्हींच्या मधल्या फटीत आहे.

नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी मिलची, नंतर सरकारी नोकरीच स्थिर मानली. इतवारी, गांधीबागेतला व्यापार घराण्यांकडे राहिला. १९४२ मध्ये एका दानशूराच्या मृत्युपत्रातल्या देणगीतून तंत्रशिक्षणाची संस्था उभी राहिली, पण तिथून बाहेर पडलेल्यांचीही वाट मुख्यतः नोकरीकडेच गेली.

१९७८ पासून जिल्हा पातळीवर उद्योग केंद्रं आली. १९८३-८४ मध्ये सुशिक्षित बेरोजगारांना २५ हजारांपर्यंत कर्ज देणारी केंद्र सरकारची योजना आली. १९८८ मध्ये राज्याने उद्योजकता प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था काढली. खरा रेटा मात्र २ ऑक्टोबर १९९३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान रोजगार योजनेचा. १८ ते ३५ वयाची मुलंमुली, सुरुवातीला एक लाखापर्यंतचा प्रकल्प, १५ टक्के पण जास्तीत जास्त ७,५०० रुपये अनुदान, आणि कर्ज मिळण्याआधी काही दिवसांचं प्रशिक्षण. प्रकल्प अहवाल काढून घ्यायचा, मुलाखत द्यायची, मग बँकेत खेटे घालायचे, हा क्रम त्या पिढीला पाठ आहे. वसुली होत नाही, ही बँकांची तक्रार. मंजुरी असूनही पैसे हातात पडत नाहीत, ही पोरांची. दोन्हींत तथ्य होतं. पण घरात धंद्याची परंपरा नसलेल्या मुलाला बँकेच्या दारापर्यंत नेलं ते याच योजनेने, आणि तिचं हे श्रेय फार कमी वेळा दिलं जातं.

२००८ मध्ये ती ग्रामीण रोजगाराच्या दुसऱ्या एका योजनेत मिसळून नवा कार्यक्रम झाला. त्यात वयाची वरची अटच गेली. अठरा पूर्ण केलेला कोणीही चालू लागला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उद्योजकता पुरस्कारांनी चाळिशीच्या आतले, पहिल्या पिढीतले उद्योजक अशी अट घातली. राज्याच्या २०१९ च्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाने मर्यादा ४५ वर नेली. तरुण कोणाला म्हणायचं, यावर एकमत कधी झालंच नाही.

त्याहून वादाचा आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक निर्णय फेब्रुवारी २०१६ चा. जानेवारीत केंद्र सरकारचा स्टार्टअप इंडिया कार्यक्रम सुरू झाल्यावर स्टार्टअप म्हणून मान्यता नेमकी कोणाला, हे ठरवणारी अधिसूचना निघाली. स्थापनेला पाच वर्षं झालेली नसावीत, उलाढाल २५ कोटींच्या आत असावी, काम नावीन्याचं असावं आणि नोंदणी खासगी कंपनी, मर्यादित दायित्व भागीदारी (एलएलपी) किंवा नोंदणीकृत भागीदारी या तीनपैकी एका रूपात असावी. एकल मालकी, म्हणजे कंपनी न काढता एकट्याच्या नावावर चालवलेला धंदा, यादीत नव्हती. शिवाय नावीन्य खरं आहे असं सांगणारं उबवण केंद्राचं (नव्या उद्योगांना आधार देणाऱ्या इन्क्युबेटरचं) शिफारसपत्र, गुंतवणूक निधीचा पाठिंबा किंवा पेटंट यांपैकी काहीतरी लागत होतं.

शिफारसपत्राची अट मे २०१७ मध्ये गेली आणि मुदत सात वर्षं झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ती दहा वर्षं आणि उलाढालीची मर्यादा १०० कोटी झाली. म्हणजे तीन वर्षांत सगळं सैल झालं, एकल मालकीचा दरवाजा तेवढा बंदच राहिला. यामागचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. बाहेरच्या गुंतवणूकदाराला भाग द्यायचा, मालक आणि धंदा कायद्याने वेगळे ठेवायचे, तर कंपनी लागते. करसवलतीसाठी तर साधी नोंदणीकृत भागीदारीही चालत नाही. एकट्याने एक-व्यक्ती कंपनी काढावी, असंही सुचवलं जातं. पण कंपनी म्हटली की उलाढाल कितीही असो, दरवर्षी लेखापरीक्षण आलं, विवरणपत्रं आली, सीएची फी आली. सक्करदऱ्यात दोन शिलाई मशीनवर गणवेश शिवणारी मुलगी किंवा हिंगण्यात छोटं फॅब्रिकेशन टाकणारा आयटीआयचा मुलगा गुमास्ता आणि जीएसटी घेऊन सुरुवात करतो. त्याने यंत्रात काही नवी सुधारणा केली, तरी स्टार्टअपच्या राष्ट्रीय मोजणीत तो दिसत नाही.

राज्याच्या २०१८ च्या स्टार्टअप धोरणानंतर या मान्यतेचं वजन वाढलं. त्यातून निघालेल्या स्टार्टअप सप्ताहात निवडक २४ जणांना १५ लाखांपर्यंतचे शासकीय कार्यादेश, म्हणजे कामाच्या ऑर्डरी, देण्याची पद्धत सुरू झाली. आजवरच्या कौतुकाच्या सगळ्या प्रकारांत मला ही सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यात शाल-श्रीफळाऐवजी गिऱ्हाईक मिळतं. पण अर्ज करायला केंद्र सरकारची स्टार्टअप म्हणून मान्यता हवी. २०२२ च्या स्टार्टअप आणि नाविन्यता यात्रेने जिल्ह्याजिल्ह्यांत नुसती कल्पना घेऊन येणाऱ्यालाही मांडणी करू दिली आणि जिल्हास्तरावर १० ते २५ हजारांची बक्षिसं दिली. तिथे दार थोडं उघडलं. लघुउद्योजकांसाठीचा जुना जिल्हा पुरस्कारही आहे, त्यात एकल मालकाला जागा आहे, पण आधी काही वर्षांची नोंदणी आणि सलग उत्पादन दाखवावं लागतं. सुरुवातीचे कठीण महिने त्यात मोजलेच जात नाहीत.

कर्जाच्या बाजूला एकल मालक आजही चालतो. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०१९ च्या नियमांनुसार उत्पादनासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प मांडता येत होता आणि प्रवर्ग व जागेनुसार १५ ते ३५ टक्के अनुदान मिळत होतं. २०२० पासून उद्यम नोंदणीही घरबसल्या होते. त्यामुळे बहुतेक जण याच वाटेने येतात. पुढे धंदा वाढला, काही नवं हाती लागलं आणि कंपनी काढून मान्यता मागायला गेले, की २०१६ पासून कायम असलेलं दुसरं कलम आडवं येतं : आधीच चालू असलेल्या धंद्याची विभागणी किंवा पुनर्रचना करून झालेली संस्था स्टार्टअप मानली जाणार नाही. नागपुरात ज्याने कर्ज काढून स्वतःच्या नावावर सुरुवात केली, त्याला मान्यतेच्या रांगेत उभं राहायचं तर आपली नवी कंपनी ही जुन्या धंद्याची पुनर्रचना नाही, हे सिद्ध करत बसावं लागतं.