वॉटरप्रूफ मस्कारा की ट्यूबिंग? पापण्या छोट्या आणि फिक्या असतील तर कुठला घ्यायचा

मस्कारा डोळ्याखाली उतरला की सल्ला ठरलेला, वॉटरप्रूफ घे. आणि वॉटरप्रूफ घेऊनही संध्याकाळी आरशात पांडा दिसला की सगळं खापर आपल्याच पापण्यांवर, माझ्या लॅशेसच इतक्या छोट्या, मला मस्कारा सूटच होत नाही वगैरे. अगं पण तो पसरतो त्याचं कारण बऱ्याचदा पाणी नसतंच, तेल असतं. पापणीच्या त्वचेचं तेल, त्यावर सनस्क्रीन, डोळ्याखालचं क्रीम, कन्सीलर. आणि वॉटरप्रूफ मस्कारा पाण्याला अजिबात दाद देत नाही पण तेलात मस्त विरघळतो, म्हणून तर तो काढायला तेल किंवा तेलवालं रिमूव्हर लागतं ना.

आता ट्यूबिंग. हा प्रकार आपल्याकडे अजून कमी ऐकलेला आणि त्यामुळे दोन्ही बाजूंनी गैरसमज, पसरत नाही म्हणजे वॉटरप्रूफच असणार असं काहींना वाटतं आणि पाण्याने निघतो म्हणजे साधा वॉशेबल असं बाकीच्यांना. दोन्ही नाही. साध्या आणि वॉटरप्रूफ मस्काऱ्यात रंग मुख्यतः मेणात धरलेला असतो, पापणीवर त्याचा थर बसतो. ट्यूबिंगमध्ये पॉलिमर असतात, ते वाळले की प्रत्येक केसाभोवती लवचिक अशी बारीक नळी तयार होते. ही नळी तेलाने सहज वितळत नाही, घामाने किंवा दोन थेंब अश्रूंनी पण नाही, पण कोमट पाणी नीट लागलं आणि बोटांनी हलकं दाबून खाली ओढलं की अख्खी सुटून येते. पहिल्यांदा काढताना बेसिनमध्ये ते बारीक काळे धागे बघून पापण्याच गळल्या की काय असं वाटतं, घाबरायचं नाही, त्या नळ्याच असतात.

मग ट्यूबिंगच घ्यावा का सगळ्यांनी? नाही ना, इथेच छोट्या पापण्यांचा प्रश्न येतो. छोट्या म्हणजे कशा ते आधी बघा. आरशात बाजूने बघा, पापण्या सरळ किंवा खाली वळलेल्या आहेत का? तसं असेल तर लांबीपेक्षा कर्ल महत्त्वाचा, कारण खाली झुकलेली पापणी समोरून दिसतच नाही, कितीही लांब करा. कर्लर मारला आणि वर ट्यूबिंग लावला तर बहुतेक वेळा कर्ल उतरतो, कारण त्यात पाणी असतं आणि सेट केलेले केस पावसात भिजल्यावर जे होतं तेच पापण्यांचं होतं. वॉटरप्रूफमध्ये पाणी जवळजवळ नसतं, पटकन उडून जाणारं सॉल्व्हंट असतं, ते उडालं की मेण कडक होतं आणि कर्ल धरून ठेवतं. म्हणून सरळ पापण्यांना वॉटरप्रूफच, ह्यात माझं मत पक्कं आहे. मेबलिनचा हायपरकर्ल वॉटरप्रूफ आपल्याकडे इतकी वर्षं चाललाय तो उगाच नाही.

पण पापण्या वळलेल्या आहेत, फक्त आखूड दिसतात आणि फिक्या आहेत, तर मामला वेगळा. घारे डोळे आणि गोरा रंग असलेल्या बऱ्याच जणींच्या पापण्या (कोकणस्थ घरांत विचारा!) मुळाशी गडद आणि टोकाला भुऱ्या असतात, टोक दिसतच नाही, आणि वयाने पिकायला लागलेल्या पापण्याही फिक्याच दिसतात. म्हणजे लांबी आहे पण रंग नाही. अशा वेळी लेन्ग्थनिंग, व्हॉल्यूम ह्या शब्दांच्या मागे न लागता टोकापर्यंत रंग पोचवणं हेच अर्धं काम. ट्यूबिंग इथे भारी, कारण तो एकेक केस वेगळा गुंडाळतो आणि टोकाच्या किंचित पुढेही जातो. दाटपणा मात्र फार देत नाही, ते आधीच मान्य करून घ्या. आणि दुसरा कोट द्यायचा तर पहिला ओला असतानाच, वाळल्यावर दिला की गुठळ्या होतात.

ब्रश दोन्हीत बारीकच बघा. मोठा झुपकेदार ब्रश छोट्या पापण्यांच्या मुळापर्यंत जातच नाही, वरच्या पापणीच्या त्वचेवर काळे ठिपके तेवढे काढतो. आणि वाँड (ब्रशची काडी) आडवा फिरवून झाला की उभा धरून नुसत्या टोकाने टोकं रंगवायची.

दुकानात ओळखायचं कसं, तर पुढे लिहिलेल्या चोवीस तास, स्मजप्रूफ ह्यावर जाऊ नका, मागची घटकांची यादी वाचा. आयसोडोडेकेन (तेच पटकन उडणारं सॉल्व्हंट) अगदी वर असेल तर बहुतेक वॉटरप्रूफ. पाणी पहिलं आणि लगेच अ‍ॅक्रिलेट्स कोपॉलिमरसारखं पॉलिमरचं नाव असेल तर ट्यूबिंगची शक्यता जास्त. टेस्टर असेल तर हाताच्या मागच्या बाजूला रेघ ओढा (डोळ्याला टेस्टर कधीच नाही, प्लीज), पूर्ण वाळू द्या, घरी आल्यावर अर्ध्या रेघेवर खोबरेल तेल चोळा आणि अर्धी कोमट पाण्याखाली धरून बोटाने ढकला. तेलात विरघळून काळं झालं पण पाण्याने हललं नाही तर वॉटरप्रूफ, पाण्याखाली तुकडे होऊन सरकली तर ट्यूबिंग. अमेरिकेत असाल तर ड्रगस्टोअरमध्येच लोरिआलचे ब्यूटी ट्यूब्स किंवा एल्फचा लॅश एक्सटेंडर बघा, आणि तिथे एकाच नावाचा मस्कारा वॉशेबल आणि वॉटरप्रूफ असा दोन प्रकारात येतो, मेबलिनचा स्काय हायसुद्धा, घाईत भलताच उचलला जातो.

काढण्याचं मात्र सिरियसली घ्या, कारण आखूड पापण्यांमधल्या चार तुटल्या तरी दिसतं. वॉटरप्रूफ असेल तर तेलवालं रिमूव्हर कापसावर घेऊन डोळ्यावर नुसतं ठेवायचं, अर्धा मिनिट, मग खाली पुसायचं, घासायचं नाही. रोज ऑफिसला लावणार असाल आणि रात्री एवढा पेशन्स नसेल तर रोजचा ट्यूबिंग, आणि लग्न, पाऊस, स्विमिंग ह्यासाठी वॉटरप्रूफ वेगळा ठेवा. पापण्या सरळ पण आहेत आणि तेलकट पण, तर वॉटरप्रूफचा पातळ एक कोट कर्लसाठी आणि तो वाळल्यावर वर ट्यूबिंग असं करून बघा, फक्त मग रात्री तेलवालं रिमूव्हर लागणारच, कोमट पाण्यावर भागणार नाही.