गन, परवाना, ट्रान्सफॉर्मर: भारतातल्या फास्ट चार्जिंगची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२५मध्ये मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात टेस्लाचं भारतातलं पहिलं सुपरचार्जर केंद्र सुरू झालं. २५० किलोवॅटचे चार चार्जर, युनिटला २४ रुपये दर, हे सगळं बातम्यांत आलं. त्या चार्जरची गन, म्हणजे केबलच्या टोकाचा गाडीत खोचायचा प्लग, सीसीएस-२ या प्रकारची आहे, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. रांजणगावात तयार होणाऱ्या टाटांच्या इलेक्ट्रिक नेक्सॉनला आणि चाकणच्या महिंद्रा बीई-६ला लागते तीच ही गन. अमेरिकेत टेस्लाने वर्षानुवर्षं स्वतःची वेगळी गन चालवली. युरोपप्रमाणे इथेही तिला तो हट्ट सोडावा लागला. भारतात सगळ्या कारसाठी एकच गन असणं आज साधी गोष्ट वाटते. ती तशी घडली नाही, आणि आपल्याकडचं जाळं उशिरा का वाढलं याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

घरच्या प्लगमधून येणारी वीज एसी असते आणि बॅटरीला डीसी लागते. घरी गाडी लावली की हे रूपांतर गाडीतलाच छोटा चार्जर करतो, म्हणून ३.३ किंवा ७.२ किलोवॅटवर रात्र काढावी लागते. फास्ट चार्जर रूपांतराचं काम गाडीबाहेरच्या मोठ्या यंत्रात उरकतो आणि डीसी थेट बॅटरीत सोडतो. त्यासाठी किती व्होल्ट, किती अँपिअर, बॅटरीचं तापमान किती, हे गाडीने चार्जरला सतत कळवत राहावं लागतं. गन म्हणजे नुसता पितळी पिनांचा आकार नाही, या देवाणघेवाणीचे नियमही तिच्यासोबत येतात. जपानमध्ये टोकियोची वीज कंपनी टेपको, निसान, मित्सुबिशी वगैरेंनी २०१०मध्ये चाडेमो ही पद्धत आणली. जर्मन आणि अमेरिकी कंपन्यांनी २०१२च्या सुमारास सीसीएस पुढे केली. त्याच वर्षी टेस्लाने कॅलिफोर्नियात पहिले सुपरचार्जर लावले. चीनने स्वतःची जीबी/टी ठरवली. भारतात सरकारी पातळीवर विचार सुरू झाला तेव्हा जगात अशा चार वाटा होत्या.

आपण आणखी एक वाट काढली. आयआयटी मद्रासचे प्राध्यापक अशोक झुनझुनवाला यांच्या समितीने २०१७मध्ये ‘भारत एसी-००१’ आणि ‘भारत डीसी-००१’ ही मानकं सुचवली. डीसी-००१ची क्षमता १५ किलोवॅट, आणि गन चिनी जीबी/टी प्रकारची. या निर्णयाला आज अनेक जण हसतात. मला ते अन्यायाचं वाटतं. तेव्हा देशात विकल्या जाणाऱ्या मोजक्या इलेक्ट्रिक गाड्यांतली एक म्हणजे महिंद्राची ई-व्हेरिटो, तिची बॅटरी ७२ व्होल्टची. सीसीएस आणि चाडेमो जास्त व्होल्टच्या महागड्या गाड्यांसाठी घडल्या होत्या. आपल्या स्वस्त, छोट्या गाड्यांना परवडेल असा चार्जर हवा, हा विचार चुकीचा नव्हता. पण तो समोर दिसणाऱ्या गाड्यांवरून केलेला होता, दोन-तीन वर्षांत येऊ घातलेल्या गाड्यांवरून नव्हे.

त्या गाड्यांना गिऱ्हाईक सरकारच होतं. ईईएसएल या सरकारी कंपनीने २०१७मध्ये सरकारी कार्यालयांसाठी १० हजार इलेक्ट्रिक गाड्यांची निविदा काढली. टाटांची टिगोर आणि ई-व्हेरिटो निवडल्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात नागपुरात ओला आणि महिंद्राने इलेक्ट्रिक टॅक्सींचा मोठा प्रयोग सुरू केला आणि नोव्हेंबरमध्ये तिथेच इंडियन ऑइलच्या पंपावर चार्जर बसला. देशाच्या या पहिल्या प्रयोगशाळेत काय झालं ते विसरू नये असं आहे. चार्जरसमोर रांगा लागल्या, धंद्याचे तास वाट पाहण्यात गेले, आणि २०१८च्या सुरुवातीलाच काही चालकांनी गाड्या परत करून पुन्हा डिझेलची वाट धरली. त्यांचा आक्षेप गाडीच्या तंत्राला नव्हता. पोट ज्या तासांवर चालतं ते तास चार्जरसमोर जात होते.

दुसरा अडसर कायद्याचा होता. २००३च्या वीज कायद्यानुसार परवान्याशिवाय वीज विकता येत नाही. मग एखाद्या हॉटेलमालकाने आपल्या आवारात चार्जर लावून पैसे घेतले तर तो वीजविक्रेता ठरतो का? हा प्रश्न सुटेपर्यंत खासगी गुंतवणूक बिचकत होती. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८मध्ये खुलासा केला: चार्जिंगमध्ये विजेचं बॅटरीत रासायनिक ऊर्जेत रूपांतर होतं, म्हणून ही विजेची विक्री नसून सेवा आहे आणि तिला परवाना लागत नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं सरकारी पत्र हेच. त्यानंतर कुणालाही चार्जर लावून सेवा देता येऊ लागली. (सेवा ठरल्यामुळे सार्वजनिक चार्जिंगवर १८ टक्के जीएसटीही आला, तो चालक आजही भरतात.)

मंत्रालयाच्या डिसेंबर २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनी मात्र एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने अडवलं. शहरात तीन बाय तीन किलोमीटरच्या चौकोनात किमान एक आणि महामार्गावर दर २५ किलोमीटरला दोन्ही बाजूंना एक केंद्र, हे उद्दिष्ट उत्तम होतं. पण प्रत्येक सार्वजनिक केंद्रावर पाच प्रकारची व्यवस्था सक्तीची केली: सीसीएस, चाडेमो, टाइप-२ एसी, भारत डीसी आणि भारत एसी. चाडेमोच्या गाड्या रस्त्यावर जवळपास नव्हत्याच, तरी त्या ५० किलोवॅटच्या यंत्राचा खर्च करा, असा त्याचा अर्थ. वर्षभरात हे ध्यानात आलं. ऑक्टोबर २०१९मध्ये सूचना सुधारल्या आणि कोणती गन ठेवायची ते चालवणाऱ्यावर सोडलं.

निकाल बाजाराने लावला. जुलै २०१९मध्ये ह्युंदाईची कोना आली. जानेवारी २०२०मध्ये आठवड्याभराच्या अंतराने एमजी झेडएस आणि टाटा नेक्सॉन ईव्ही आल्या. तिन्हींना सीसीएस-२. यांत नेक्सॉनचं महत्त्व वेगळं, कारण ती मध्यमवर्गाच्या आवाक्याच्या काठावर होती आणि तिच्यामागे टाटा पॉवर उभी होती. मुंबईत विक्रोळीला २०१७मध्ये पहिला चार्जर लावलेली ही कंपनी आता टाटांच्या शोरूममध्ये, हॉटेलांत, महामार्गावरच्या ढाब्यांवर चार्जर लावू लागली. सुरुवातीचे बरेचसे २५-३० किलोवॅटचेच होते. तासभर चहा-जेवण होईपर्यंत बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत जायची. पुढचे २० टक्के कुणी थांबून भरत नाही, कारण भरत आलेल्या बॅटरीत वेगाने वीज सोडली तर ती खराब होते, म्हणून गाडी स्वतःच वेग उतरवते. पुणे-कोल्हापूर किंवा मुंबई-नाशिक करणाऱ्यांनी गाडी ८० टक्क्यांवर काढून निघायची शिस्त याच काळात लावून घेतली.

मग स्टॅटिक, चार्जझोन, झिऑन, जिओ-बीपी अशा कंपन्या उतरल्या. मार्च २०२३मध्ये केंद्राने तीन सरकारी तेल कंपन्यांना पंपांवर ७,४३२ फास्ट चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. फेब्रुवारी २०२४मध्ये देशात १२,१४६ सार्वजनिक चार्जिंग केंद्रं होती आणि त्यांतली ३,०७९ महाराष्ट्रात, म्हणजे पहिला क्रमांक आपला. वर्षअखेरीस कर्नाटक बरंच पुढे निघून गेलं. हे आकडे वाचताना एक सांभाळावं: त्यांत दुचाकी-रिक्षांचे मंद चार्जरही मोजलेले असतात. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २,००० कोटींतून सुमारे ७२ हजार चार्जर उभे राहायचे आहेत, पण चारचाकींचे फास्ट चार्जर त्यांत २२,१०० आहेत.

गन ठरली, परवाना सुटला. आता गाडं अडतं ते चार्जरच्या मागे. दोन गाड्यांना एकाच वेळी प्रत्येकी ६० किलोवॅट द्यायचे तर १२० किलोवॅटचा भार हवा. लहानशा सोसायटीएवढा भार हायवेवरच्या एका ढाब्याला मागायचा, तर स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर, उच्चदाबाची केबल आणि महावितरणची मंजुरी हे सगळं येतं. यंत्र आलं तरी वीज जोडली जायची असते. जोडल्यावर स्थिर आकार दरमहा भरावाच लागतो, गाड्या येवोत न येवोत, आणि आडमार्गावरच्या चार्जरवर दिवसाचे बरेच तास कुणी येत नाही. तिथे घरच्या विजेच्या दुपटी-तिपटीने दर का असतो, ते यावरून कळतं. पैसे सुटत नाहीत म्हणून देखभाल राहते आणि ॲपवर हिरवा दिसणारा चार्जर प्रत्यक्षात बंद निघतो. मुलंबाळं घेऊन निघालेल्या कुटुंबाला १५ टक्के बॅटरीवर हे कळणं फार वाईट असतं.

महाराष्ट्रात ही गोष्ट समृद्धी महामार्गावर सर्वांत ठळक दिसते. जून २०२५मध्ये नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे असा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला झाला. ताशी १२०च्या वेगाने हवेचा विरोध इतका वाढतो की कंपनीने सांगितलेली रेंज हाती लागत नाही. एका चार्जमध्ये हा रस्ता संपत नाही. राज्याच्या २०२५च्या धोरणाने समृद्धी, मुंबई-पुणे एक्सप्रेस वे आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी दिली आणि महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगचं लक्ष्य ठेवलं. टोलमाफीने गाड्या त्या रस्त्यावर येतील, पण चार्जर त्याच वेगाने यायला हवेत.

पीएम ई-ड्राइव्हच्या नव्या नियमांत ट्रान्सफॉर्मर आणि केबलच्या खर्चाला ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, सरकारी आवारांत त्याहूनही जास्त. पैसा बरोबर जागी पोचतो आहे. आता महिन्यातले किती तास चार्जर खरोखर चालू होता, याचा हिशेब प्रत्येक केंद्राने जाहीर करावा आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता त्यावरच मिळावा.