एक वार, दोन वाटे: जुळ्यांच्या असमान वाढीचा शोध

एकसारख्या जुळ्यांची जनुकं तीच, आई तीच, तरी एक बाळ दुसऱ्याच्या निम्म्या वजनाचं जन्मू शकतं. कारण बहुतेकदा वारेत, म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणाऱ्या अवयवात असतं. फलित बीजांड पहिल्या तीन दिवसांत दुभंगलं तर प्रत्येकाला आपली वार मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगलं तर वार एकच राहते, गर्भजलाच्या पिशव्या दोन. एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश या दुसऱ्या प्रकारची असतात.

१८८०च्या दशकात जर्मनीतल्या रोस्टॉकचे प्रसूतितज्ज्ञ फ्रीडरिश शॅट्स यांनी प्रसूतीनंतरच्या वारा तपासल्या. एका बाळाची धमनी वारेच्या सामाईक भागात रक्त नेते आणि तिथून ते दुसऱ्याच्या शिरेत निघतं. याला त्यांनी 'तिसरं रक्ताभिसरण' म्हटलं. वाहिन्यांत रंग भरून वार तपासायची पद्धत आजही चालते. त्यासाठी वार ताजी, शीतकपाटात ठेवलेली हवी. फॉर्मॅलिन या जतन करणाऱ्या द्रवात टाकली की रंग पुढे सरकत नाही, फाटलेली असेल तर तो गळून जातो. पहिल्या बाळाच्या नाळेला एक चिमटा, दुसऱ्याच्या नाळेला दोन, ही खूण प्रसूतिगृहातच करायची; ती राहिली तर कुठली नाळ कोणाची, हे नंतर ठरवणं अवघड.

अशा तपासण्यांतून चित्र स्पष्ट झालं: खुरटलेल्या बाळाच्या वाट्याला वारेचा लहान तुकडा येतो आणि त्याची नाळ बहुधा वारेच्या कडेला किंवा थेट पडद्यावर जोडलेली असते. पण हे सगळं कळायचं प्रसूती उरकल्यावर.

सोनोग्राफीने प्रश्न गर्भारपणात आणला. दोन वारा असतील तर मधला पडदा वारेशी जुळतो तिथे जाडसर त्रिकोण, म्हणजे लॅम्डा चिन्ह दिसतं. वार एक असेल तर पातळ पडदा 'टी' अक्षरासारखा काटकोनात टेकतो. ११ ते १४ आठवड्यांत हे ठळक दिसतं, पुढे पुसट होतं. म्हणून पहिल्या तिमाहीच्या अहवालात 'जुळी' एवढंच लिहिणं अपुरं आहे.

'खुरटलेलं' कशाला म्हणायचं यावर बराच काळ एकमत नव्हतं. २०१९च्या तज्ज्ञ-सहमतीनुसार एका बाळाचं अंदाजे वजन तिसऱ्या पर्सेंटाइलखाली, म्हणजे तितक्याच आठवड्यांच्या शंभर बाळांतल्या सर्वांत हलक्या तिघांत असणं पुरेसं आहे. नाहीतर चारपैकी दोन गोष्टी लागतात: एकाचं वजन दहाव्या पर्सेंटाइलखाली, पोटाचा घेर दहाव्याखाली, वजनात २५ टक्के किंवा जास्त तफावत, लहान बाळाच्या नाळेच्या धमनीत वाढलेला अवरोध. तफावत मोठ्या बाळाच्या वजनावर काढतात: १२०० आणि ८४० ग्रॅम म्हणजे ३० टक्के.

बार्सिलोनाच्या एदुआर्द ग्रातकोस यांच्या गटाने २००७मध्ये लहान बाळाच्या नाळेतल्या डॉप्लरवरून, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवरून तीन प्रकार मांडले. पहिल्यात हृदयाच्या दोन ठोक्यांमधला प्रवाह पुढेच जातो. दुसऱ्यात तो कायम थांबलेला किंवा उलटा असतो. तिसऱ्यात तो येतो-जातो, कारण वारेवर दोन धमन्यांना जोडणारी मोठी वाहिनी असते. आलेख हळू सरकवला नाही तर हा प्रकार हातचा निसटतो. तोच सर्वांत फसवा. जोडवाहिनीतून मोठं भावंड लहानग्याला रक्त पुरवतं, म्हणून डॉप्लर बिघडलेलं असूनही तो आठवडेच्या आठवडे तग धरतो आणि मग अचानक दगावू शकतो.

तसं झालं तर मोठ्या बाळाचं रक्त त्याच जोडवाहिन्यांतून लहानग्याकडे धावतं. मोठंही दगावण्याचा धोका सुमारे १५ टक्के, वाचलं तरी मेंदूला इजा होण्याचा सुमारे २५ टक्के. ही हानी काही क्षणांत होऊन गेलेली असते, त्यामुळे दिवस भरलेले नसताना घाईने सिझेरियन करून सहसा काही हाती लागत नाही. त्यापेक्षा मोठ्या बाळाला रक्तक्षय झालाय का ते डॉप्लरवर पाहतात आणि चार ते सहा आठवड्यांनी मेंदूचा एमआरआय करतात.

जोडवाहिन्या जाळणारं लेझर अमेरिकेत ज्युलियन डी लिया यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलं, तेही एका बाळाकडून दुसऱ्याकडे रक्त वाहून जाण्याच्या विकारासाठी. तिथे गर्भजलही असमान होतं: एकाकडे २ सेंटिमीटरहून उथळ, दुसऱ्याकडे ८हून खोल. नुसत्या खुरटलेपणात लेझर वापरावं का, यावर वाद आहे. मोठं बाळ सुरक्षित होतं, पण लहानग्याचा आधारही तुटतो. त्यामुळे पहिल्या प्रकारात १६व्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला तपासणी करत ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत थांबतात. दुसऱ्या-तिसऱ्यात तपासण्या अधिक वेळा होतात आणि प्रसूती बहुधा ३२ आठवड्यांच्या आसपास करावी लागते.