एसयूव्ही वळणावर का झुकते, आणि पैसे नेमके कशावर खर्च करावेत

उंच गाडी वळणावर झुकली की आत बसलेल्यांच्या पोटात गोळा येतो. मग गाडी 'सुधारायची' ठरते आणि सगळ्यांना पहिली आठवते ती स्प्रिंग. कडक स्प्रिंग टाकली की झुकणं कमी होईल आणि गाडी रस्त्याला धरून चालेल, असा साधा हिशेब. त्यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा बऱ्याचदा खोटा ठरतो, आणि तो का हे कळायला शाळेतलं गणित पुरतं.

गाडी वळते तेव्हा टायर तिला रस्त्याच्या पातळीवर वळणाच्या आत खेचत असतात. गाडीचा गुरुत्वमध्य मात्र त्या पातळीच्या बराच वर असतो आणि तो सरळ जाऊ पाहतो. या ओढाताणीत आतल्या चाकांवरचा काही भार कमी होतो आणि तेवढाच बाहेरच्या चाकांवर वाढतो. किती, ते तीन गोष्टींवर ठरतं: बाहेर फेकणारा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर. समजा गाडी २००० किलोची आहे, गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटर उंचीवर आहे आणि चाकांमधलं अंतर १५५ सेंटिमीटर आहे. वळण इतक्या वेगात घेतलं की आडवा जोर वजनाच्या निम्मा झाला. मग २००० गुणिले ०.५ गुणिले ०.७०, भागिले १.५५, म्हणजे जवळजवळ ४५० किलो भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे गेला. सरळ रस्त्यावर दोन्ही बाजूंना हजार-हजार किलो होते, ते आता बाहेर १४५० आणि आत ५५० झाले.

या हिशेबात स्प्रिंग कुठेच आली नाही. स्प्रिंग मऊ असो की कडक, हे ४५० किलो जायचे ते जातातच. बॉडी झुकल्यामुळे गुरुत्वमध्य किंचित बाहेर सरकतो आणि त्याची तीस-चाळीस किलोंची भर पडते. कडक सस्पेन्शन फार तर त्या भरीतला काही वाटा वाचवतं. म्हणजे जे झुकणं आपल्याला दिसतं आणि घाबरवतं ते एक, आणि टायरवर जो भार चढतो तो वेगळाच.

मग गाडी खाली बसवली तर? ३ सेंटिमीटरने खाली आणली तर ४५० चे ४३० किलो होतात. चार-पाच टक्के फरक, आणि त्यासाठी सस्पेन्शनचा खालीवर व्हायचा प्रवास ३ सेंटिमीटरने कमी करायचा. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट असेल (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात बसवलेली रचना; अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात ही रचना पुढे आणली आणि आज बहुतेक मोनोकॉक, म्हणजे वेगळी चौकट नसलेल्या एकसंध बॉडीच्या, एसयूव्हींच्या पुढच्या चाकांना तीच असते) तर आणखी एक गंमत होते. बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीपेक्षाही जास्त खाली जातो. त्यामुळे झुकवणारी तरफ लांब होते, आणि खाली बसवलेली गाडी त्याच स्प्रिंगवर जास्त झुकू पाहते. लोअरिंग स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा कडक ठेवाव्या लागतात, त्यामागे हे एक कारण आहे. मला तरी हा सौदा तोट्याचा वाटतो.

हाच हिशेब टोकाला नेला की गाडी उलटण्याचं गणित मिळतं. चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. आपल्या गाडीसाठी हा आकडा १.११ येतो. म्हणजे आडवा जोर वजनाच्या १.११ पट झाला की आतली चाकं पूर्ण मोकळी होतात. अमेरिकेची रस्ते-सुरक्षा संस्था एनएचटीएसए २००१ पासून वाहनांना उलटण्याच्या धोक्याचे तारे देताना हाच गुणांक वापरते. साध्या मोटारींचा तो साधारण १.३ ते १.५ असतो, एसयूव्हींचा १.० ते १.३. कोरड्या डांबरावर नेहमीच्या टायरची पकड वजनाच्या ०.८ ते ०.९ पट असते, त्यामुळे सपाट रस्त्यावर एसयूव्हीसुद्धा आधी घसरते. उलटते ती बहुधा आडवी घसरताना चाक कडेच्या कठड्याला अडतं किंवा मऊ मातीत रुततं तेव्हा. म्हणून गाडी मुळात आडवी घसरू न देणं महत्त्वाचं, आणि ते काम टायरचं.

टायरला एक खोड असते. त्याच्यावरचा भार दुप्पट केला की पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे दोन टायरवर सारखा भार असताना मिळणारी एकूण पकड ही एकावर जास्त आणि दुसऱ्यावर कमी भार असतानाच्या पकडीपेक्षा मोठी असते. सस्पेन्शनची खरी कामगिरी इथे सुरू होते. आडवा जाणारा ४५० किलोंचा भार ते टाळू शकत नाही, पण त्यातला किती पुढच्या जोडीवर जाईल आणि किती मागच्या, हे मात्र तेच ठरवतं. जी जोडी जास्त कडक, ती मोठा वाटा उचलते आणि आपली पकड आधी गमावते.

अँटी-रोल बार म्हणजे डावं आणि उजवं चाक जोडणारी, पिळवटणारी पोलादी दांडी. पुढचा बार जाड केला की झुकणं कमी होतं, पण पुढच्या टायरांची पकड आधी संपते, आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी नाकासमोर सरकत राहते. मागचा बार जाड केला की उलट: गाडी नाक चटकन वळवते, चपळ वाटते. बहुतेक कंपन्या मुद्दामच गाडी नाकाने बाहेर सरकणारी ठेवतात, कारण घाबरलेला माणूस अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी आपोआप सावरते. मागची बाजू सुटली तर तेवढं पुरत नाही. म्हणून मागचा बार बदलायचा तो बेताने. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २२ मिलिमीटरऐवजी २४ मिलिमीटरचा बार म्हणजे दिसायला दोनच मिलिमीटर, प्रत्यक्षात ४२ टक्के जास्त कडक. कोरड्या रस्त्यावर मजा वाटणारा बार पहिल्या पावसात शेपूट बाहेर काढू शकतो.

बारची किंमत आरामातूनही मोजावी लागते. एका चाकाला बसलेला धक्का तो दुसऱ्या चाकाकडे पोचवतो आणि उंच बसलेल्यांची डोकी डावी-उजवीकडे हलत राहतात. खडकाळ वाटेवर एक चाक वर आणि दुसरं खाली जायला हवं, तिथे जाड बार त्यांना मोकळं सोडत नाही. टोयोटाने लँड क्रूझरमध्ये दिलेल्या केडीएसएस या प्रणालीने यावर उत्तर काढलं: पुढचा आणि मागचा बार तेलाच्या नळ्यांनी जोडायचे. डांबरावर ते कडक राहतात, खडकांवर सैल सुटतात. नंतर बाजारातून लावता येईल अशी ही गोष्ट नव्हे, पण गाडी निवडतानाच बघता येते.

स्प्रिंगचं सांगायचं तर, प्रवासी गाडीची बॉडी आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला एक ते दीड वेळा डोलते आणि माणसाला तेवढं सोसतं. पुढच्या स्प्रिंग मागच्यांपेक्षा जरा मऊ ठेवल्या की खड्ड्यावर मागून उशिरा आलेला धक्का पुढच्या डोलण्याला गाठतो आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे उसळत नाही, हे मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये प्रयोग करून दाखवलं होतं. चारही स्प्रिंग सरसकट कडक करणारा माणूस हा तोल मोडण्याची शक्यता असते. वर, खडबडीत रस्त्यावर कडक स्प्रिंगचं चाक रस्त्याला चिकटून न राहता टप्पे खात जातं, आणि हवेतल्या टायरला पकड शून्य. गाडी कायम सामान भरून किंवा ट्रेलर ओढत चालणार असेल तर मागे कडक स्प्रिंग योग्य. एरवी कंपनीची राहू द्यावी.

शॉक ॲब्झॉर्बरचं, म्हणजे शॉकअपचं तसं नाही. तिथे पैसे घातलेले कळतात. गाडी शेवटी किती झुकेल हे स्प्रिंग आणि बार ठरवतात. ती किती झपाट्याने झुकेल आणि परत येताना किती हेलकावेल हे शॉकअप ठरवतो. लांब, एकसारख्या वळणावर हा फरक जाणवत नाही. समोर अचानक काही आलं, स्टिअरिंग डावीकडे आणि लगेच उजवीकडे फिरवलं, की मात्र पहिल्या झुकण्यातून परतणारी बॉडी दुसऱ्या बाजूला दुप्पट जोमाने जाते. १९९७ मध्ये स्वीडनच्या 'टेक्निकेन्स वर्ल्ड' नियतकालिकाच्या चाचणीत मर्सिडीजची नवी, उंच बांध्याची ए-क्लास अशाच दुहेरी वळणात उलटली होती. कंपनीने मग सस्पेन्शन सुधारलं आणि त्या छोट्या गाडीत ईएसपी ही स्थिरता-प्रणाली सरसकट बसवली.

साध्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये सततच्या खड्ड्यांनी तेल तापतं, त्यात हवेचा फेस होतो आणि दाब ढिला पडतो. एकनळी गॅस शॉकअपमध्ये नायट्रोजन सरकत्या पिस्टनने तेलापासून वेगळा ठेवलेला असतो. उष्णताही नळीच्या भिंतीतून थेट बाहेर पडते. वजनदार एसयूव्हीला तो मानवतो, फक्त बारीक खडबडीवर थोडा कडक लागतो. विजेने कमी-जास्त कडक होणाऱ्या शॉकअपांत चुंबकीय द्रवाचा शॉकअप फार देखणी कल्पना आहे: तेलात लोखंडाचे सूक्ष्म कण, आणि चुंबकीय क्षेत्र लावलं की काही मिलिसेकंदांत तेल घट्ट. २००२ च्या कॅडिलॅक सेव्हिलमध्ये तो पहिल्यांदा आला. एअर सस्पेन्शन, म्हणजे पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे, महामार्गावर गाडी खाली घेतं, खराब वाटेवर वर उचलतं. त्याच्या दुरुस्तीचा खर्च मात्र गाडी जुनी होत जाते तसा बोचू लागतो.

नवं काही घेण्याआधी जुनं तपासा. शॉकअप हळूहळू मरतो, म्हणून रोज चालवणाऱ्याला ते कळत नाही. खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा डोलणं, नळीवर तेलाचे ओघळ, टायर लाटांसारखा खड्डे पडून झिजणं या त्याच्या खुणा. लोअर आर्मचे (चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेले असतील तर महागातला महाग शॉकअपही गाडीचं भटकणं थांबवू शकत नाही.

आता टायर. प्रत्येक चाकावर ५०० किलो आणि हवेचा दाब २.४ बार (इथे बार हे दाबाचं एकक) धरला तर रस्त्याला टेकलेलं रबर साधारण २०० चौरस सेंटिमीटर भरतं, हाताच्या पंजाहून थोडंसं मोठं. रुंद टायर लावला तरी हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, कारण ते मुख्यतः भार आणि हवेचा दाब यांवर ठरतं. बदलतो तो आकार: ठसा आखूड आणि रुंद होतो. त्याने वळणात फायदा होतो. पाण्यात मात्र रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून तो लवकर तरंगतो.

वळण घेताना टायर ज्या दिशेला रोखलेला असतो त्या दिशेला तो नेमका जात नाही. काही अंशांचा फरक राहतो, आणि त्या फरकाने रबराला बसलेला पीळच गाडीला आत खेचतो. उंच कडेच्या टायरमध्ये हा पीळ बसायला वेळ लागतो, म्हणून स्टिअरिंग सुस्त वाटतं. २३५/६५ आर १७ या मापाची (रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत) कड १५३ मिलिमीटर उंच असते. २५५/५५ आर १८ घेतला तर ती १४० होते आणि चाकाचा एकूण व्यास दोन्हींत ७३७ मिलिमीटरच्या आसपास राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. २५५/४५ आर २० चाही व्यास तेवढाच, पण कड ११५ मिलिमीटर. एक इंचाची वाढ समजण्यासारखी आहे. वीस इंची चाक बहुतेक वेळा फोटोसाठी असतं: ते जड, खड्ड्यात रिम वाकण्याची भीती मोठी, आणि चपळ वाटलं तरी अखेरची पकड रबराच्या मिश्रणावर ठरते, कडेच्या उंचीवर नाही. माप बदलताना भार-निर्देशांक उतरू देऊ नये. १०४ म्हणजे टायरमागे ९०० किलो, १०० म्हणजे ८००. वरच्या उदाहरणात बाहेरच्या प्रत्येक टायरवर सरासरी ७२५ किलो आले होते, तेही गाडीत सामान नसताना.

एटी (ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीचे) टायर रुबाबदार दिसतात. त्यांचे उंच, सुटे ठोकळे चिखलात उपयोगी पडतात. डांबरावर तेच ठोकळे वळणात आडवे वाकतात, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की गाडी बहुधा जास्त अंतर घेते. एमटीमध्ये (मड-टेरेन, खास चिखलासाठीच्या टायरमध्ये) हे आणखी वाढतं. ज्याची एसयूव्ही वर्षभर डांबरावरच धावते त्याने चांगले एचटी (हायवे-टेरेन, डांबरासाठीचे) टायर घ्यावेत, आणि चारही सारखे घ्यावेत. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये वेगवेगळ्या झिजेचे टायर डिफरन्शियलला (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरसंचाला) विनाकारण राबवतात. थंड प्रदेशात, पारा ७ अंशांच्या खाली राहतो तिथे, उन्हाळी रबर कडक पडतं; तिथे हिवाळी टायरला पर्याय नाही.

हवेची गोष्ट कंटाळवाणी वाटते, पण ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने जे ६५ लाख टायर परत मागवले ते बहुतांशी फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीवर बसलेले होते. टायरचा पट्टा सुटायचा आणि गाडी उलटायची. फोर्डने सुचवलेला २६ पीएसआय हा कमी दाब त्या वादात केंद्रस्थानी होता, आणि दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडे बोट दाखवलं. कमी हवेत टायरची कड सारखी दुमडते, तापते आणि आतून सुटू लागते. या प्रकरणानंतर झालेल्या कायद्यामुळे अमेरिकेत नव्या गाड्यांना टायरच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली. दाराच्या खांबावर चिकटवलेला आकडा पाहावा, टायर थंड असताना. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो.

उलट दिशेचा हौशी बदल म्हणजे गाडी उचलणं. ५ सेंटिमीटरने गुरुत्वमध्य वर गेला की आपला १.११ चा गुणांक १.०३ वर येतो, ड्राइव्ह शाफ्टचे (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्यांचे) सांधे वाकड्या कोनात फिरू लागतात आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, नव्याने करावी लागते. सगळ्यात कमी बोललं जातं ते ईएससीबद्दल, म्हणजे ए-क्लासच्या ईएसपीसारख्याच स्थिरता-प्रणालीबद्दल. २०१२ च्या मॉडेलांपासून अमेरिकेत सर्व हलक्या वाहनांना सक्तीची असलेली ही प्रणाली गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सावरते. पण कधी, किती जोराने, हे तिने मूळ उंची, मूळ टायर आणि मूळ बार धरून शिकलेलं असतं. सस्पेन्शनला हात लावल्यावर किमान चार-चाकी अलाइनमेंट आणि स्टिअरिंग-कोनाच्या सेन्सरचं नव्याने शून्य लावणं तरी करून घ्यावं. सेन्सरला सरळ म्हणजे काय हेच चुकीचं कळलं असेल, तर सरळ रस्त्यावर चाललेली गाडीही ईएससीला वळणात असल्यासारखी वाटू शकते.